ताइचुंगहून परत आलेला नारळ

सतरावा गेज सहा दशांश मायक्रॉनने जाड निघाला.

तनुजाने तो पुन्हा मोजला. मोजण्याआधी तिने तो तासभर ग्रॅनाइटच्या पाट्यावर ठेवून वीस अंशांना येऊ दिला होता, कारण एवढ्याशा पोलादी दांड्याला हाताची ऊब लागली तरी तो फुगतो आणि मोजणाऱ्याला फसवतो. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनांचा धरला, तर हा फरक केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण चाकणच्या कंपनीने जी हद्द घालून दिली होती, तिच्या तो पलीकडे होता.

काचेपलीकडे रोहिदासकाका पाठ किंचित वाकवून अठरावा गेज करत होते. तनुजाने सतरावा उचलला, डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर आवाज न करता सरकवला. आत आधीचे सहा होते.

भोसरी एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये प्लग गेज बनत. गाडीच्या सुट्या भागात पाडलेलं भोक बरोबर आहे की नाही, हे तपासायचा हा दांडा. दांडाच चुकला तर त्यावर तपासलेले हजारो भाग चुकतात. म्हणून त्याचा शेवटचा हात, ज्याला लॅपिंग म्हणतात, तो रोहिदासकाका स्वतः देत. फिरत्या दांड्यावर बिडाची कडी धरायची, बोटभर डायमंड पेस्ट, म्हणजे हिऱ्याच्या भुकटीचा लेप, लावायची आणि कडी पुढेमागे सरकवत राहायची. किती दाबायचं आणि कधी थांबायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते काकांच्या हातात होतं. चाळीस वर्षांत त्यांचा एकही नग गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. तनुजाचे वडील दौलतराव, सगळ्यांचे अप्पा, हे वाक्य आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर द्यायचे.

तनुजा भौतिकशास्त्र शिकलेली आणि काही वर्षं कॉलेजात ते शिकवलेली. अप्पांच्या मागे शेड हाती घेतली तेव्हा तिने एकच नवी सवय लावली: प्रत्येक गेजचं माप आलेखाच्या कागदावर एका ठिपक्याने मांडायची. पहिल्या वर्षी ते ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ चालले होते. गेल्या दिवाळीपासून रांग विस्कटायला लागली. आधी थोडी, मग दर महिन्याला जरा जास्त. हात कापतोय, हे काका कधी बोलले नव्हते आणि तिने विचारलं नव्हतं. पण कागद बोलत होता.

उपाय अप्पांनीच योजून ठेवला होता. शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात पडल्या पडल्या, तैवानमधल्या ताइचुंगच्या एका कारखान्याचं लॅपिंग मशीन त्यांनी पसंत केलं आणि काकांचा हात धरून विचारलं, "तोवर सांभाळशील ना रे?" काका म्हणाले होते, "मशीन लागेपर्यंत मी कुठं जात न्हाई, मालक." अप्पा गेले. मशीन ठरलं, बनलं, जहाजावर चढलं आणि बंदराला येऊन लागलं. आज त्याला बंदरात चव्वेचाळीस दिवस झाले होते.

फोन वाजला. बंदरावरचं काम बघणारा क्लिअरिंग एजंटचा माणूस, बुद्धरत्न.

या चव्वेचाळीस दिवसांत तनुजाने सर्वांत जास्त कुणाचा आवाज ऐकला असेल तर याचा. पहिले नऊ दिवस सिस्टिम बंद होती. मग क्रेन बंद होती. मग काट्यावर पेटीचं वजन तीनदा केलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं भरलं. तनुजाने विचारलं होतं, "काट्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालंय?" बुद्धरत्न हसत सुटला होता. "मॅडम, हा प्रश्न इथं आजवर कुणी विचारला नाही. मी विचारला तर तुमची पेटी पुढच्या दसऱ्याला मिळेल." त्यानंतर तपासणी अधिकाऱ्याची बदली झाली आणि नवीन आलेल्याने फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

"मॅडम, बसलाय ना?" आज त्याचा आवाज वेगळाच होता.

"बोल."

"पेटी उघडली. आत मशीन आहे."

"मशीनच असणार, बुद्धरत्न."

"हो, पण कंट्रोल पॅनेलच्या खालच्या कप्प्यात लाल कापडात बांधलेला एक नारळ पण आहे. नारळ, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ. कागदावर यातलं काहीच नाही."

तनुजाने यादी लिहून घेतली.

"फाइल आता वनस्पती तपासणीकडे गेली. ते म्हणतात, नारळाचा मूळ देशाचा आरोग्यदाखला आणा. मी म्हटलं साहेब, नारळाचा मूळ देश भोसरी. तर म्हणाले, मग तो परदेशी गेला कसा, त्याचा कागद आणा. मॅडम, मी बारा वर्षं या धंद्यात आहे. नारळाचा पासपोर्ट पहिल्यांदा काढतोय."

तनुजाने काचेतून पाहिलं. काका गेज दिव्याकडे धरून बघत होते.

मशीन निघण्यापूर्वी ते बघून पसंत करायला ती काकांना घेऊन ताइचुंगला गेली होती. काकांचा पहिला विमानप्रवास. अंबाजोगाईकडून भोसरीत आलेला माणूस, तेवढाच काय तो त्यांचा मोठा प्रवास झालेला. बायकोने, दुर्गाबाईंनी, बांधून दिलेल्या दशम्या त्यांनी तिथल्या इंजिनिअरांनाही खाऊ घातल्या. कारखान्यात त्यांनी मशीन तीन तास निरखलं, कान लावून ऐकलं, आणि मग मान हलवली. तनुजा कागदांवर सह्या करायला ऑफिसात गेली, ती अर्धा तास. तेवढ्या अर्ध्या तासात नारळ बसला असणार. त्यांच्या शेडमध्ये पूजेशिवाय एकाही मशीनचं बटण कधी दाबलं गेलं नव्हतं. या मशीनला नारळ मिळाला फक्त जरा लवकर.

तिने काकांना काही सांगितलं नाही. स्वतःच कागदांच्या मागे लागली: प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, खुलासा, खुलाशाचा खुलासा. चाकणच्या कंपनीचा जयदीप दिवसातून दोनदा फोन करायचा. "मॅडम, शुक्रवारचे बारा गेज नक्की ना? लाइन बंद पडेल हो." ती नक्की म्हणायची आणि संध्याकाळी डावा ड्रॉवर उघडायची. सात. आठ. दहा. एका दुपारी तर हद्दीच्या काठावरचा एक गेज तिने पाच वेळा मोजला, आणि पाचव्यांदा तो आत बसला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत मोजणं, ही चूक तिने विद्यार्थ्यांनाही कधी माफ केली नसती. तिने तो गेज ड्रॉवरमध्ये टाकला. अकरा.

काकांना थांबवणं तिच्या हातात होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण रोज सकाळी काका तिच्या आधी येऊन, मशिनी पुसून, उदबत्ती लावून उभे असायचे, आणि ती मनाशी म्हणायची, मशीन आलं की आपोआपच होईल. बोलायला लागणार नाही.

बावन्नाव्या दिवशी बुद्धरत्न म्हणाला, "मॅडम, आता एकच वाट. ज्यानं नारळ ठेवला त्यानं समोर येऊन जबाब द्यायचा. मग ते नारळ जाळणार आणि मशीन सोडणार."

शिफ्ट सुटायच्या वेळी काका नळाखाली हात धूत होते. तनुजाने जवळ जाऊन सगळं सांगितलं. चारचौघांत ते तिला ताई म्हणत आणि अहोजाहो करत. शेजारी कुणी नसलं की ती परकरातली तनू व्हायची.

"मंजे माझ्यापायी अडकलंय?" त्यांनी नळ बंद केला.

"आठच दिवस, काका. आधीचे चव्वेचाळीस त्यांचे त्यांनीच."

ते हसले नाहीत. "इचारायला पायजे हुतं मी. पण कसंय बग, तनू. शेडमधलं मशीन आपल्या डोळ्यासमोर असतंय. ह्ये समुद्रावरनं एकटंच यायचं. तिथं त्याला आपलं कोण हाय? म्हनून ठिवला."

तनुजाने त्यांना हात पुसायला रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दिघीतल्या घरून काकांना गाडीत घेतलं. दुर्गाबाई फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. "त्येनला वेळेवर खायला घाल गं, माय. बंदराच्या लोकांचं काई खरं न्हाई." घाट उतरेपर्यंत काका डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून बसले होते. तनुजाने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

बंदराबाहेरचं आवार म्हणजे लोखंडी पेट्यांचं गाव. सात-सात मजली, बिनखिडक्यांच्या. बुद्धरत्न फाटकावरच भेटला: किडकिडीत, कोपरात हेल्मेट अडकवलेलं, दोन्ही हातांत एकेक फोन. त्याने काकांकडे पाहिलं आणि वाकून पायाला हात लावला.

"तुम्हीच होय नारळवाले काका! अख्ख्या आवारात तुमचं नाव झालंय."

"चांगलं का वाईट?"

"अहो, इथं नाव होणं म्हणजेच वाईट. चला, टोकन घेऊ."

टोकन मिळालं त्या खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीला तीन प्रती हव्या होत्या, आणि प्रती काढायच्या यंत्रात शाई नव्हती. आवाराबाहेरच्या टपरीवरून प्रती आणेपर्यंत दुसऱ्या खिडकीवरचे गृहस्थ जेवायला गेले. तनुजाने घड्याळ पाहिलं. प्रत्यक्ष कामाचा वेळ मोजला तर आत्तापर्यंत चार मिनिटं झाली होती. ती तीन तासांत मिळून झाली होती. काका बाकावर बसून शेजारच्या ट्रक ड्रायव्हरला भाकरी आणि ठेचा वाढत होते. ड्रायव्हर सहा दिवस तिथेच होता.

अडीच वाजता तपासणी अधिकाऱ्यांनी आत बोलावलं. पन्नाशीचे, थकलेले, चष्मा कपाळावर चढवलेले. टेबलावर नंबराची चिठ्ठी लावलेल्या पारदर्शक पिशवीत नारळ होता. त्याला कोंब आला होता. करंगळीएवढा, फिकट, टोकाशी जरासा हिरवा.

काकांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आगं माय. कोंब फुटलाय की ताई."

"तोच तर घोळ आहे," अधिकारी म्हणाले. "नुसता नारळ असता तर दंड करून मोकळा झालो असतो. आता ते रोप झालं. रोपाचे नियम वेगळे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आमच्या गावाकडे कोंब आलेला नारळ अंगणात लावतात. माझ्या आजोबांनी लावलेलं झाड अजून आहे. इथं मला जाळावा लागतो. काय करणार."

"जाळा की साहेब," काका म्हणाले. "तुमचं काम हाय ते. त्याचं काम त्यानं केलं. मशीन आलंय न्हवं धड?"

अधिकाऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि जबाबाचा कागद पुढे सरकवला. "इथं सही करा. पॅन कार्डावर आहे तशीच."

काकांनी पेन घेतलं. तनुजा शेजारीच उभी होती. पेनाचं टोक कागदाच्या वर थरथरलं, टेकलं, आणि 'रो' चा काना तुटून दोन ठिकाणी उमटला. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने कागद उचलून दोन्ही सह्या ताडून पाहिल्या.

"जुळत नाही. परत करा."

दुसरा कागद आला. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. सही झाली, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी दिसत होती.

"आजोबा, सावकाश. घाई नाही," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता.

"चार तास बसवलंत, तेव्हा घाई नव्हतीच," बुद्धरत्न पुटपुटला.

तिसरा कागद. या वेळी काकांनी पेन टेकवलंच नाही. त्यांनी ते टोपण लावून टेबलावर आडवं ठेवलं, नेमकं कागदाच्या कडेला समांतर, हत्यार ठेवतात तसं. मग शांतपणे म्हणाले, "अंगठा घ्या साहेब."

ज्या माणसाच्या हाताने केसाचा शंभरावा भाग ओळखला, तो शाईच्या डबीवर अंगठा टेकवत होता. कागदावर उमटला तो गुळगुळीत निळा डाग. चाळीस वर्षांच्या डायमंड पेस्टने अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच घासून नेल्या होत्या.

"यात रेषाच नाहीत," कारकून म्हणाला.

"राहू द्या," अधिकारी म्हणाले. "नियमात अंगठा लिहिलाय, रेषा लिहिलेल्या नाहीत. साक्षीदार म्हणून बाईंची सही घ्या." तनुजाने सही केली. तिचीही सही त्या दिवशी नेहमीसारखी आली नाही, पण ती कुणी ताडून पाहिली नाही.

"आता सुटलं ना मशीन?" तिने विचारलं.

"माझ्याकडून सुटलं. शेवटचा शिक्का वरच्या साहेबांचा. ते प्रशिक्षणाला गेलेत." अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आठ दिवस. फार तर दहा."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. बुद्धरत्न फाटकापर्यंत आला. "मॅडम, दहाव्या दिवशी मी त्या साहेबांच्या दारात सतरंजी टाकतो. काका, तुम्ही निश्चिंत जा." तो वळला, तेवढ्यात त्याचे दोन्ही फोन एकदम वाजले.

काका गाडीच्या दाराशी उभे राहून रुमालाने अंगठा पुसत होते. शाई निघत नव्हती.

"आत्ता निघालो तर सातला पोचू," ते म्हणाले. "दोन नग उरकतील. शुक्रवारला बारा द्यायचेत."

"काका, आज नको."

"आज न्हाई तर उद्या चार करावं लागतील. त्यातले दोन तू ड्रॉवरात टाकशील." त्यांनी वर पाहिलं नाही. "अकरा झालेत त्यात. करतो मी, तर मोजायला मलाबी येतंय की, तनू."

तनुजाने गाडीची किल्ली मुठीत धरली. शेजारून एक कंटेनर गेला आणि जमीन हादरली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हात माझा हाय. तुझ्या कागदाच्या आधी मला कळलं. रात्री दुर्गा पाण्याचा तांब्या अर्धाच भरून देती, सांडू नाई म्हनून. तीबी काई बोलत न्हाई." त्यांनी रुमाल खिशात घातला. "मी वाट बगायलो मशीनची. मालकाला शब्द दिलाय. मशीन लागलं की मी आपला मोकळा. तोवर रेटायचं."

"आणि मी वाट बघत होते की मशीन आलं म्हणजे मला बोलावं लागणार नाही."

काका हसले. दिवसभरात पहिल्यांदा. "दोघंबी शाने."

तनुजाला हसू आलं नाही. तिला दिसत होतं ते टेबलावर समांतर ठेवलेलं पेन. तीन कागद, दोन सह्या, आणि अनोळखी माणसांसमोर पुढे केलेला तो अंगठा. दहा दिवसांनी असंच कुठेतरी चाकणला एखाद्या टेबलावर काकांचा गेज दुसऱ्या कुणी तरी मोजायला घेईल, आणि म्हणेल, जुळत नाही. ती तेव्हा तिथे नसेल. ड्रॉवर तिथे नसेल.

तिने फोन काढला आणि जयदीपला लावला. काका बघत राहिले.

"जयदीप, तनुजा बोलतेय. शुक्रवारचे बारा गेज आमच्याकडून होणार नाहीत... नाही, मशीन आलं तरी नाही, ते बसवायलाच महिना जाईल. तू दुसरीकडून घे. पत्ता हवा तर मी देते... हो, कळतंय मला. पुढची ऑर्डर गेली तरी माझी तक्रार नाही." तिने फोन ठेवला.

"आगं, ह्ये काय केलंस?" काकांचा आवाज चढला. "गिऱ्हाइक हाय ते! मालकानं जोडलेलं!"

"अप्पांनी तुम्हाला मशीन लागेपर्यंत थांबा म्हटलं. मशीन बंदरात अडकून बसेल, हे त्यांना कुठे माहीत होतं?" तिचे शब्द स्वच्छ निघाले, मापं वाचून दाखवताना निघतात तसे. "चाळीस वर्षांत तुमचा एकही नग परत आला नाही. तो मी येऊ देणार नाही. अप्पांना दिलेला शब्द मी त्यांच्या वतीने आज परत करते. काका, उद्यापासून तुम्ही लॅपिंगला हात लावायचा नाही."